कापशाचं पोट

इस्पितळात जाताना शिंप्याची बायको स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर बोलली नाही, पण सशाबद्दल तिनं दहादा बजावलं. कापशाला दिवसभर सुकं गवत. फळ आठवड्यातून दोनदाच, तेही अंगठ्याच्या नखाएवढं, आणि सफरचंद असेल तर बिया काढून. "त्याचं पोट नाजूक आहे हो. मी येईपर्यंत सांभाळा, एवढंच मागते."

एवढंच! पण माणसाला एवढंच तर जमत नाही.

शिंपी मशीनवर बसला की कापशा जाळीला पाय लावून उभा राहायचा. बिचारं मुकं जनावर, मालकीण घरात नाही, म्हणून हा त्याला रोज सकाळी केळ्याचा तुकडा द्यायचा. एका तुकड्यानं काय आभाळ कोसळतंय? घर सांभाळायला आलेली थोरली बहीण दुपारी द्राक्षं द्यायची. लेक कॉलेजातून आली की सफरचंदाची भली मोठी फोड. नियम तिघांनाही पाठ होता, म्हणून तर आपण फळ देतोय हे कोणी कोणाला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी कापशानं गवताला तोंड लावलं नाही. पिंजऱ्यात एकही लेंडी दिसेना. बरं वाटेल उद्या, म्हणत दिवस काढला, आणि दुसऱ्या दिवशी तिघं धावत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"आतडं थांबलंय. काय घातलंत खायला?"

एकेकाच्या तोंडून बाहेर पडलं. केळं. द्राक्षं. सफरचंद.

"गोड फार झालं. कालच आणायला हवं होतं, आता वाचणं कठीण आहे."

"अरे देवा," बहीण म्हणाली. "आपण तिघांनी मिळून मारलं की रे त्याला!"

संध्याकाळी कापशा गेला. त्यानंतर चार दिवस बायकोचा फोन आला की शिंपी सांगायचा, "मजेत आहे!"

पाचव्या दिवशी ती घरी आली. रिकाम्या पिंजऱ्यासमोर उभी राहिली.

"वय झालं होतं गं त्याचं," शिंपी म्हणाला. "झोपेतच गेला. आज पहाटे."

तिनं पिंजऱ्यात हात घातला. कधीचाच घासूनपुसून ठेवल्यासारखा कोरडा ठणठणीत होता.

"मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलताय ना?"

शिंपी तिची पिशवी उचलायला वाकला.

"मग इस्पितळातल्या डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला नेऊन माझ्या दुखण्याबद्दल जे सांगितलं, तेही तुम्ही असंच बदलून सांगितलंत का?"

नाही म्हण, नाही म्हण, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण तो तिथंच भिंतीला टेकून बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.