कोरड्या पाण्याचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. घरातला नव्हे, सिनेमाचा. आज माझ्यावर कुरडया वाळत घालतात आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. राग मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

भिंगारच्या एका शिंप्याने जाड मांजरपाट जोडून मला शिवलं, कडेने काळी पट्टी लावली. पाणी उपसायचे पंप विकणाऱ्या एका कंपनीने मला घेतलं. तिची गाडी नगर जिल्ह्यात गावोगाव फिरे. दिवेलागणीला मला दोन बांबूंना ताणत आणि आसाराम नावाचा ऑपरेटर मशीन चालू करी. माणसं जमावीत म्हणून आधी परदेशची एखादी फिल्म, मग पंपाची. लोक टाळ्या वाजवत. त्या माझ्यासाठीच आहेत अशी माझी समजूत होती, आणि मी आपला फुगून बसे.

एकदा जपानची फिल्म लागली. झेन पंथाच्या मठात एक तरुण भिक्षू गुरूला विचारतो, सत्य कशात आहे? गुरू पोथी उघडत नाही. त्याचा हात धरून सरळ झऱ्यात बुडवतो. भिक्षू गारठ्याने दचकतो आणि हसतो. गावही हसलं. तो झरा माझ्यावरून कितीदा वाहिला, पण मी एकदाही भिजलो नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसू लागले, आणि अशा वेळी आमच्या कंपनीच्या साहेबांनी गाडी नेली सुप्यापुढच्या एका वाडीत. जिथे चिमणीची चोच बुडेल एवढं पाणी नाही, तिथे पंप विकायला. एवढी लाज कोळून प्यायलेली माणसं मी पाहिली नव्हती.

दिवसभर खडी फोडून दमलेली माणसं समोर बसली. माझ्यावर पंप सुरू झाला, पाण्याचा लोट धो धो पडू लागला. तेवढ्यात त्याच वाडीतली राहीबाई विहिरीवरून आली. तळाशी उतरून, झिऱ्यातून वाटीवाटीने भरलेला हंडा तिच्या डोक्यावर होता. तिने हंडा खाली ठेवला, थेट माझ्यापाशी आली आणि त्या लोटावर पंजा टेकवला.

"कोरडं हाय," ती मागे वळून म्हणाली. "सायेब, तुमचं पानी कोरडं हाय."

लोक हसले. साहेबांचा पारा चढला. झिऱ्यातल्या चिखलाने भरलेला तिचा पंजा माझ्यावर जसाच्या तसा उमटला होता.

"उद्या सुप्यात खेळ आहे. आसाराम, आत्ता धू तो पडदा."

"पाणी कुठाय, साहेब?"

साहेबांनी हंड्याकडे बोट दाखवलं.

"ते प्यायाचं हाय," राहीबाई म्हणाली. "पोरं तान्हेली हायेत घरी."

"पडदा कंपनीचा आहे," साहेब म्हणाले. जणू हंड्याला मालकच नव्हता.

आसारामने मान खाली घातली आणि हंडा माझ्यावर ओतला. मित्रांनो, पाणी गार असतं हे मला त्या क्षणी कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भिजलो, तो दुसऱ्याच्या पोरांच्या तोंडचं पाणी पिऊन. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. राहीबाई भांडली नाही. तिने घमेलं आणून माझ्याखाली धरलं आणि निथळणारं गढूळ पाणी त्यात जमवलं.

"शेरडीला व्हईल," ती एवढंच म्हणाली.

माणसं एकेक करून उठून गेली. मशीन चालूच होतं. रिकाम्या मैदानापुढे पंप पाणी फेकत राहिला.

डाग काही गेला नाही. कंपनीने मला टाकून दिलं. पाऊसपाणी झाल्यावर आसारामने मला राहीबाईच्या अंगणात आणून ठेवलं. त्याला वर बघवेना. तिने मला झटकलं आणि त्याला तांब्याभर पाणी दिलं.

अशा कहाणीच्या शेवटी आम्हाला जपा, असं सांगायची रीत आहे. मला नका जपू. कुणी तुम्हाला पाणी दाखवलं तर टाळी वाजवण्याआधी उठून हात लावा. आणि तुमचं पांढरं कापड धुताना हंडा कुणाचा उचलता आहात, तेवढं बघा.