लवंगेचा कप्पा

"मेल्या, तुझं झाकण एकदा तरी नीट उघडंल का?" नीलाबाई रोज माझ्यावर अशा करवादतात. मी मनावर घेत नाही. मित्रांनो, मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. बिजागरी कुरकुरते, हे मलाही कळते.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांच्या नवऱ्याने, बसप्पांनी, मला कपिलधारच्या यात्रेतून आणले. दुकान बंद करून आले की ते मला मांडीवर घेत आणि पहिला विडा नीलाबाईंना देत. लवंगेचा कप्पा मात्र नीलाबाईंच्या हुकमतीत. लवंग पाहुण्यालाच! घरच्याने फार आर्जव केले, तर अर्धी मोडून मिळे. या काटकसरीचे गावात कौतुक होते. मीही मिरवून घेई.

आता बसप्पांना पोटाचा कॅन्सर आहे. दवाखान्याने घरी पाठवले आणि माझ्यात गोळ्या आल्या. सुपारीच्या जागी उलटीची, काताच्या जागी पोट साफ होण्याची. दुखण्याची भारी गोळी लवंगेच्या कप्प्यात गेली. तिथेच घात झाला. कळ येण्याची वाट न पाहता, ठरल्या वेळी पुरी गोळी द्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. नीलाबाई अर्धीच देत. बसप्पा उशीचा कोपरा दातात धरत. कधी त्यांची बोटे माझ्या झाकणावर नुसती फिरत. मला ओल्या पानांचा वास आठवून जीव कासावीस होई.

आज अंबाजोगाईहून लेक कावेरी आली. तिने मला उघडले.

"आई, कप्पा अर्धुकांनी भरलाय की! अप्पा तळमळायलेत आन् तू साठवायलीस?"

"पुढं लागंल तवा काय देऊ? पुरी गोळी लई आजारी माणसाला देतेत. ह्यांना काय झालंय? दिवाळीपस्तोर दुकानात बसतेत बघ."

कावेरीने मान फिरवली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा डबा असेल. औषध सांगितले तेवढे आणि सांगितले तेव्हाच द्या; भीती वाटली तर डॉक्टरांना विचारा. जपायचे ते माणसाला, गोळ्यांना नाही. मला हे सांगता आले असते तर! मला फक्त कुरकुरता येते.

बसप्पांनी डोळे उघडले.

"नीले, इकडं बस. मी आता बरा होत न्हाई. तुलाबी ठावं हाय, मलाबी. थोड्या दिवसांचा पाहुणा हाय मी तुझा. आता तरी पुरी दे."