जावयाचं नाक

आमच्याकडे लग्न झालं की मुलगा मुलीच्या घरी राहायला येतो. माझा थोरला जावई मात्र आलाच नाही. दुरियानच्या फळांचा उग्र वास डोक्यात जातो म्हणाला आणि माझ्या मुलीला घेऊन राजधानीत, नॉम पेन्हला गेला. त्याचं सगळंच तसं, नाकाने कांदे सोलणारा माणूस. मी नातवाला भेटायला जाते तेव्हा दारातच माझ्या हातावर लिंबू ठेवतात. आधी हात चोळायचे, मग नातू. मी चोळते. करता काय?

कंपोतच्या बाजारात माझ्या आजीपासून आमचा दुरियानचा गाळा आहे. त्या फळावर आम्ही तीन पिढ्या जेवलो. त्याच्या वासाची लाज वाटायचं मला काही कारण नव्हतं, पण त्या दारात दरवेळी वाटायची.

म्हणून धाकट्या कुंथियाने सारिथचं नाव काढलं तेव्हा मी अट घातली. माझ्या आईच्या काळी होणारा जावई लग्नाआधी महिनोन्‌महिने मुलीच्या घरी राबायचा, पाणी भरायचा, लाकडं फोडायचा. आता नळ आला, गॅस आला.

"मला लाकडं नकोत फोडून," मी म्हटलं. "हंगाम संपेपर्यंत सुट्टीच्या दिवशी गाळ्यावर बसू दे त्याला. टिकला तर त्याच्या आईबापांना सांग, पानसुपारी घेऊन मागणी घालायला या. नाही टिकला तर पुन्हा नाव काढायचं नाही."

"आणि नाही टिकला तर मी काय करू?" कुंथियाने विचारलं.

"जा की. नॉम पेन्ह काय लहान आहे?"

बोलून गेले खरी, पण मग मनात आलं, ही पण गेली तर संध्याकाळी भात कुणासाठी टाकायचा?

सारिथ मोबाईल दुरुस्त करतो. हात नाजूक, बोटं लांब. पहिल्या दिवशी दुरियान उचलताना काटे लागून रक्त काढून घेतलंन, पण हूं की चूं नाही. हळूहळू शिकला. काठीने ठोकून आवाज ऐकायचा, सालीला तिकोनी खिडकी पाडून गिऱ्हाइकाला आतला गरा दाखवायचा, कच्चा निघाला तर तोंड वाकडं न करता फळ परत घ्यायचं. सकाळची भवानी झाली की हातातली नोट सगळ्या फळांवरून फिरवायचा, ते तर मी शिकवलंही नव्हतं. ते शेजारच्या येन आजीने शिकवलं. आजी कैऱ्या विकते, तिखटमिठाबरोबर, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय त्याची चवही फुकट घेते.

एकच गोष्ट मला खटकत होती. पोरगा दुरियान खात नव्हता. "घे रे," म्हटलं की, "पोट भरलंय मावशी." सकाळी पोट भरलेलं, दुपारी पोट भरलेलं. शिवाय दरवेळी जाताना पिशवीभर साली घेऊन जायचा. "कशाला?" विचारलं तर म्हणे, "झाडांना." भाड्याच्या खोलीत याची कुठली झाडं? पण मी मनात म्हटलं, काटकसरी आहे, चांगलंच आहे.

हंगामाचा शेवटचा रविवार होता. गिऱ्हाईक ओसरलं होतं. येन आजी सुपारी चघळत म्हणाली, "थावी, तुझा जावई माझा धंदा चालवतोय बघ."

"अजून जावई नाही झालेला. काय केलं त्याने?"

"दर घटकेला एक कैरी. दात आंबून गेले असतील बिचाऱ्याचे. आणि तुझी पाठ वळली की नाकाला बाम लावतो. डोहाळे लागलेत म्हणावं तर बाप्या माणूस."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वळून बघितलं तर सारिथच्या नाकाखाली बाम चकाकत होता. कुंथिया दुपारचं घेऊन नुकतीच आली होती, तांदळाच्या शेवया आणि माशाचा रस्सा. डबा हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"इकडे बैस," मी सारिथला म्हटलं. "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. वास सोसत नाही ना तुला?"

त्याने कुंथियाकडे बघितलं, मग खाली. "नाही मावशी."

"पहिल्यापासून?"

"लहानपणी एकदा खूप खाल्ला होता. तेव्हापासून."

"मग मला फसवत होतास?"

"फसवत नव्हतो. सवय करत होतो."

मी उठलेच. थोरल्याने निदान तोंडावर सांगितलं होतं. हा गोड बोलून घरात शिरणार आणि वर्षभराने माझ्या हातावर लिंबू ठेवणार. "सवय कैऱ्या खाऊन होते का रे? घर असं चालतं? तू जा आता. कुंथियाला काय करायचं ते ती—"

"साली," कुंथिया मध्येच म्हणाली. "आईला सालींचं सांग."

"राहू दे गं."

"सांग म्हणते ना."

त्याचे कान लाल झाले. "साली झाडांना नव्हत्या मावशी. रोज खाटेखाली ठेवायचो. म्हटलं, झोपेत तरी नाकाला सवय होईल. पहिले काही दिवस फार वाईट गेले. मग जरा बरं वाटायला लागलं."

"मग?"

"मग घरमालकिणीला कळलं. काल तिने सामान बाहेर ठेवलं. खोली सोड म्हणाली. आता दुकानातच झोपतो."

येन आजी आधी हसली. सुपारीचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसतच राहिली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते हसण्याचं नव्हतं. एकाने माझ्या वासापायी माझं घर नाकारलं होतं. दुसऱ्याचं त्याच वासापायी घर गेलं, आणि तो वास त्याने आपल्या हातांनी घरी नेला होता.

"वेडा आहेस," मी म्हटलं.

उरलेल्यांतला सगळ्यांत चांगला दुरियान मी उचलला. शिवणीवर सुरी टेकवून उघडला आणि पिवळाधमक गरा काढून त्याच्यापुढे धरला. बळजबरी करायची नव्हती. बघायचं होतं.

सारिथने गळ्यातल्या पंच्याने बाम पुसून काढला. डोळे मिटले आणि गरा तोंडात टाकला. कपाळावर आठ्या चढल्या, मान आखडली, एक मोठा आवंढा खाली गेला. कुंथियाने डबा घट्ट धरला होता.

"कसा लागला?" मी विचारलं.

"वाईट," तो म्हणाला. "पण वास गेल्या आठवड्यापेक्षा बरा वाटतो, आई."

घरी जायच्या आधी हात चोळायला मी रोज एक लिंबू बाजूला ठेवते. थोरल्याकडे लागलेली सवय. ते मी उचललं, मधोमध कापलं, रश्श्यावर पिळलं आणि वाटी सारिथपुढे सरकवली.

"जेव," मी म्हटलं. "आणि उद्या आईबापांना बोलावून घे. पानसुपारी चांगली आणा म्हणावं."