धोंड्याचा ठिपका

चौथा महिना मला वैऱ्यासारखा वाटायचा. आदल्या खेपेला चौथ्यातच कळा सुरू झाल्या आणि दोन दिवसांत सगळं संपलं. या खेपेला ओकाऱ्या थांबल्या, भूक सपाटून लागू लागली, लुगडं बेंबीखाली नेसावं लागलं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

महिने मोजायचं काम सासूबाईंचं, हरणाबाईंचं. पंचांग न बघता त्या आयुष्यात कधी शिंकल्यासुद्धा नसतील. स्वयंपाकघराच्या दारामागं दर अवसेला पानाच्या डब्यातल्या चुन्याचा एक ठिपका. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. धोंड्याच्या महिन्यात शुभाचं काही मांडायचं नाही, म्हणून त्या अवसेला त्यांनी डबा उघडलाच नाही. ज्येष्ठ, आषाढ, मग निज श्रावण, असे तीन ठिपके झाले आणि भादव्यात मला चौथा लागला.

महालक्ष्म्या उठल्या त्या दुपारी मी ज्वारी निवडत होते. ओटीपोटात काहीतरी फडफडलं. हातातलं सूप तसंच राहिलं. जरा वेळानं पुन्हा. आदल्या खेपेच्या कळाच पुन्हा सुरू झाल्या असं वाटलं, पण मी कुणाला बोलले नाही. यांना सांगावं, तर हे शाळेत मास्तर म्हणून कितीही गुरगुरले तरी घरी आधी आईच्या तोंडाकडं बघणार. आणि सासूबाईंना सांगायची छातीच होत नव्हती. आदल्या खेपेला त्या मला एक शब्द बोलल्या नव्हत्या. दारामागचे ठिपके तेवढे ओल्या फडक्यानं पुसून काढले होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन दिवस मी पाऊल जपून टाकत होते. चौथ्या दिवशी शांताक्का सुईण पोट बघायला आली. तिनं हात ठेवला आणि मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"दुखायलंय का?" शांताक्कानं विचारलं.

"नाही."

"अंगावरून काही जायलंय?"

"नाही."

"हरणाबाई, कितवा म्हणलात हिला?"

"चौथा."

"कुठला चौथा? पोट बेंबीला आलंय की." तिनं बोटांवर मोजलं. "जेठ, आखाड, धोंडा..."

"धोंडा धरत नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"तुमी नका धरू. धोंड्यात सून जेवत व्हती का न्हाय? मग लेकरू काय म्हैनाभर उपाशी बसलं? पाचवा हाय हिला. कळा न्हाईत त्या. लेकरू हलायलंय, बाई, तुजं लेकरू!"

मी पोटावर हात ठेवला. तीन दिवस ज्याला भीत होते, तेच मला खुणावत होतं. माझ्यासारखी खुळी मीच.

सासूबाई उठल्या. पानाचा डबा उघडला. बोटाला चुना घेऊन दारामागं गेल्या आणि आषाढ-श्रावणाच्या मधल्या चिमूटभर जागेत त्यांनी एक ठिपका दिला. ठिपका जरा फिसकटला.

"आदल्या खेपेचे पुसताना माझाही हात उचलत नव्हता, चारुशीला," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.