इंजिनाचा दोष

“परत पडली बंद,” ड्रायव्हरकाका म्हणाले आणि त्यांनी किल्ली माझ्या कामाच्या टेबलावर टाकली. “मोठ्या सिग्नलला. मागचे सगळे हॉर्न मारत होते. तू नक्की काय दुरुस्त करतोस रे?”

महिनाभरातली ही चौथी खेप. टेंपोवाला ऑइल बदलून व्हायची वाट बघत बाकावर बसला होता, त्याची तर करमणूकच झाली. “काका, याच्याकडे गाडी दिली की निदान चालायचा व्यायाम तरी होतो,” तो म्हणाला. मी किल्ली उचलली. बोलणार काय, कपाळ?

एक सांगतो. जुन्या गाडीचं इंजिन उभ्या जागी संथ चालवणं ही माझी खासियत. गाडी उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि तरी इंजिन झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं एका लयीत चाललंय, हे ज्याला जमतं तो मेकॅनिक. बाकीचे नुसते नट-बोल्ट पिळणारे. चार गल्ल्या ओलांडून लोक त्यासाठी माझ्याकडे येतात. मला त्याचा माज आहे आणि तो मी लपवत नाही.

त्यात गाडी कुणाची, तर ड्रायव्हरकाकांची. बत्तीस वर्षं बस चालवली त्यांनी, एक ओरखडा नाही. मला गाडी त्यांनीच शिकवली. पहिले दोन दिवस तर ती जागची हलू दिली नव्हती. नुसता क्लच दाबायचा आणि सोडायचा. “डावा पाय शहाणा झाला की माणूस ड्रायव्हर झाला,” म्हणायचे. मी रडकुंडीला आलो होतो. पण त्यानंतर आजतागायत माझ्या हातून गाडीला झटका बसलेला नाही.

तर, पहिल्या खेपेला कार्बोरेटर उघडला. बारीक जेटमध्ये कचरा होता, तो हवा मारून काढला. दुसऱ्या खेपेला एक रबरी नळी चिरलेली सापडली, ती बदलली. तिसऱ्या खेपेला प्लग, पॉइंट, सगळं नवं. आणि दर वेळी, असू दे म्हणून, रेसचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती जोरात फिरावं त्याचा, स्क्रू थोडा पिळून ठेवला. रेस जास्त असली की इंजिन सहजी बंद पडत नाही. हा आमच्या धंद्यातला आळशी माणसाचा उपाय. दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

या चौथ्या खेपेला मी इंजिन पाऊण तास चालू ठेवलं. एक ठोका चुकेल तर शपथ. शेवटी म्हटलं, “चला काका, तुम्ही चालवा, मी मागे बसतो.” काकू बरोबर आल्या होत्या, त्या पुढे बसल्या.

“आता नाही पडायची बंद,” काका आरशातून मला म्हणाले. “ही शेजारी असली की गाडी शहाण्यासारखी वागते. मी एकटा असलो की तिचे नखरे.”

पहिला सिग्नल लाल झाला. काकूंनी काकांच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून हलकेच दाबला. गाडी अलगद थांबली. दुसऱ्या सिग्नललाही तेच. मी मनात हसलो. या वयातही काय ही माया, म्हटलं. घरी बायकोला सांगायला एक गंमत झाली.

तिसऱ्या सिग्नलला काकूंच्या मांडीवरची पिशवी घसरली आणि त्या ती उचलायला वाकल्या. काकांनी ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. धक्के देत, ब्रेकशी भांडत पुढे सरकली आणि पांढऱ्या पट्ट्यांवर गेली. एक बाई पोराला कडेवर घेऊन तिथून रस्ता ओलांडत होती. ती झटकन मागे सरली म्हणून वाचली. तिच्यापासून वीतभर अंतरावर गाडी एकदा हादरली आणि बंद पडली.

“बघितलंस?” काका म्हणाले. “पडली ना.”

मी पुढे वाकून खाली पाहिलं. त्यांचा डावा पाय चटईवर निवांत पडला होता. क्लचकडे तो गेलाच नव्हता. क्लच न दाबता गिअरमधली गाडी थांबवली, मग इंजिन बंद पडणार नाही तर काय करणार? बिचारं आधी निदान मुकाट्याने बंद तरी पडत होतं. आज ते गाडीला पुढे रेटत राहिलं, ते मी पिळून ठेवलेल्या रेसमुळे. त्या बाईला काही झालं असतं तर ते पाप माझं होतं.

गॅरेजवर परत आलो तेव्हा गाडी मीच चालवली. काका टेंपोवाल्याशेजारी बाकावर टेकले. काकू मला मागे घेऊन गेल्या, टायर रचलेत तिथे.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“सहा महिने झाले असतील. हात सगळं नीट करतात, डोळे ठीक आहेत. पायच विसरतो.” त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. “मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण इतकी वर्षं शेजारी बसलेय, कधी कुठला पाय हलतो ते पाठ आहे. म्हणून गुडघा दाबते.”

“आणि एकटे जातात तेव्हा?”

“तेव्हा दारात उभी राहते. परत येईपर्यंत.”

“काकू, आज माणूस मेला असता. त्यांना सांगायला हवं.”

“गाडी बंद करायला हवी, ते खरं. पण सांगू नकोस.” त्यांचा आवाज फुटला, पण त्यांनी तो सावरला. “डॉक्टर म्हणाले, पुढे आणखी विसरतील. कदाचित मलाही विसरतील. ते मी बघून घेईन. पण आपण चांगले ड्रायव्हर होतो, एवढं तरी त्यांच्यापाशी राहू दे. गाडी तू ठेवून घे. दोष इंजिनाचा आहे म्हण.”

“इंजिनात काही दोष नाही हो. घड्याळासारखं चालतंय.”

“मग तुझा आहे म्हण.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. आयुष्यात कमावलं ते एवढंच, की या माणसाला उभं इंजिन कळतं. आणि समोर बाकावर तो टेंपोवाला. संध्याकाळपर्यंत चारी गल्ल्यांना कळणार. मी हात पुसायचं फडकं घेतलं आणि स्वच्छ हात पुन्हा एकदा पुसले.

“काका,” मी बाकासमोर जाऊन म्हटलं, “मी हात टेकले. मला दोष सापडत नाही. ही गाडी आता रस्त्यावर न्यायची नाही.”

टेंपोवाल्याचा आ वासला. “तुला जमलं नाही? तुला?”

“नाही जमलं,” मी म्हटलं.

काका उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वाईट वाटून घेऊ नकोस. वय प्रत्येकाचं होतं रे. आपल्याला उशिरा कळतं, एवढंच. तू कबूल केलंस, हे बरं केलंस. पुष्कळांना ते जमत नाही.”

काकूंकडे बघायची माझी छाती झाली नाही.

“दुसऱ्या कुणाकडे दाखवायची का?” मी घाबरतच विचारलं.

“तुला जमलं नाही तर कुणाला जमणार? राहू दे इथेच.” ते काकूंना म्हणाले, “चल गं, चालत जाऊ.”

ते निघाले. मी बॉनेट उघडलं आणि एअर फिल्टर काढून ठेवला. पिळून ठेवलेली रेस तशीच सोडणं मला शक्य नव्हतं, मग गाडी कुणी चालवो न चालवो. इंजिन सुरू केलं आणि स्क्रू एकेक आटा सैल करत आणला. इंजिन खाली आलं, जरा रेंगाळलं आणि स्थिरावलं. अगदी झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं.

“अरे, ही तर...” टेंपोवाला बाकावरून उठत म्हणाला.

मी मान वर केली. कोपऱ्यावर काका थांबले होते. कान अजून तिखट माणसाचे. त्यांनी मान गॅरेजकडे वळवली होती आणि ते ऐकत होते.

मी हवा कोंडायला कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरला. इंजिनाने दोन-तीन धापा टाकल्या, गाडी हादरली आणि बंद पडली.

काकांनी लांबूनच मला, राहू दे, असा हात केला. मग काकूंना घेऊन ते कोपऱ्यावरून वळले.