चोळायचं नाही

"हाड शाबूत आहे, सिस्टर. मुका मार आहे. घरी सोडा," असं म्हणत नव्या डॉक्टरांनी कागदावर सहीसुद्धा केली.

मोठ्या सिस्टरांनी कागद घेतला, पण पेशंटच्या मांडीवरचा हात काही उचलला नाही. चार दिवसांपूर्वी मालाच्या ट्रॉलीचं चाक या हमालाच्या मांडीवरून गेलं होतं. वरून साधा ओरखडाही नव्हता. पण तळव्याखाली कातडी मांसावरून सरकत होती, उशीवरून सैल अभ्रा सरकावा तशी, आणि आत पाणी डुचमळत होतं.

"टोचतंय?" त्यांनी सुईचं टोक लावून विचारलं.

"कुठं काय?" हमाल म्हणाला.

"डॉक्टर, इथं याला कळतच नाहीये. कातडी आतून सुटलीय. सोनोग्राफी करून घ्या."

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेल्या या बाईपुढे आपली डाळ शिजत नाही, एवढं ते महिन्याभरात शिकले होते. दुपारी रिपोर्ट आला. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये चांगलं वाटीभर रक्ताळलेलं पाणी साठलं होतं. नळी घालून ते काढायचं आणि मांडी घट्ट बांधून ठेवायची, असं ठरलं.

"आणि मी रोज कोमट तेलानं चोळून देईन हो," हमालाची आई म्हणाली.

"हात लावायचा नाही!" सिस्टर अशा ओरडल्या की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला.

त्या बिचारीचं काय चुकलं होतं? बावीस वर्षांपूर्वी सिस्टरांनी हेच केलं होतं. नवरा सायकलसकट गाडीखाली आला, तेव्हाही सगळे मुका मारच म्हणाले. तीन आठवडे त्या सकाळ-संध्याकाळ चोळत राहिल्या, अगदी मायेनं. चोळून चोळून आतलं सुटतच गेलं. कातडी काळी पडली, कापावी लागली, दुसऱ्या मांडीची काढून लावावी लागली. दारोदार टपाल वाटत हिंडणारा माणूस खिडकीमागे तिकिटं विकायला बसला. चोळायला नको होतं, हे सिस्टरांना पुढे एका प्रशिक्षणात कळलं. तेव्हापासून त्या मूग गिळून बसल्या होत्या.

संध्याकाळी नवरा मटार सोलत बसला होता. चपलाही न काढता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"अहो, तुमचा पाय माझ्या हातानं गेला."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "ऑपरेशनच्या आधीच मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? ड्युटी करून यायचीस आणि डुलक्या खात खात चोळायचीस."

सिस्टरांना रडू आवरेना. त्या खाली बसल्या आणि त्याच्या मांडीवरच्या त्या चकचकीत, खोलगट जागेवर त्यांनी तळवा ठेवला.

"कळतंय?"

"नाही," तो म्हणाला. "पण राहू दे."

आणि मटारची परात दुसऱ्या बाजूला सरकवून तो पुढची शेंग सोलायला लागला.