माझ्या पाठीवरचा नंबर

मी एक जुना अँड्रॉइड स्टिरिओ आहे, म्हणजे गाडीत गाणी लावणारा आणि नकाशा दाखवणारा पडदा. मित्रांनो, मी गाडीबरोबर कारखान्यातून आलो नाही. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या काकूंनी मला बाजारातून आणून बसवून घेतले. एका अपघातानंतर त्यांची मान वळेनाशी झाली होती. व्हॅन मागे घेताना मागच्या कॅमेऱ्याचे चित्र मी दाखवायचो, म्हणून त्यांचे काम सुटले नाही. चार वर्षांत एक कुंडीसुद्धा फुटली नाही. "हा माझा मागचा डोळा," असे काकू कौतुकाने सांगत.

पुढे मी जरा मंदावलो. नकाशा उघडायला मला वेळ लागे. काकूंची काही तक्रार नव्हती, पण पाहुणे म्हणून आलेल्या जावयांना ते खटकले.

"आई, याच्यात नवीन सिस्टिम टाकतो. दहा मिनिटांचं काम!"

"याला बसवणाऱ्या वायरमनला विचारूया का?" काकू चाचरत म्हणाल्या.

"त्याला काय विचारायचं? मी आहे ना!"

जावयापुढे काकू काय बोलणार! त्या चहा टाकायला गेल्या.

माझ्यासारखे दिसणारे शेकडो आहेत, पण आतले सामान प्रत्येकाचे वेगळे. म्हणून तर माझा नंबर माझ्या पाठीवर चिकटवला आहे. तो वाचायला फक्त चार स्क्रू काढायचे होते. या गृहस्थांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत! नुसते माझे तोंड पाहून इंटरनेटवरून कुठलीतरी फाइल उतरवली, पेनड्राइव्ह खुपसला आणि माझी सिस्टिम पुसून नवी टाकली. मी चकचकीत दिसू लागलो. कॅमेरा मात्र कोणी तपासला नाही. चित्रात डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे गेले होते.

सकाळी काकूंनी व्हॅन मागे घेतली. मी भिंत उजवीकडे दाखवली, त्यांनी चाक डावीकडे वळवले, आणि डावीकडच्याच भिंतीवर व्हॅन धाडकन आदळली. नशीब, मुले अजून बसायची होती.

"जुना माल हा! फेकून द्या," जावई म्हणाले. करून सवरून नामानिराळे! मला तोंड असते तर चांगले सुनावले असते.

"आता कुणाची पोरं कोणत्या तोंडानं बसवू गाडीत?" एवढेच काकू म्हणाल्या.

वायरमनने मला बाहेर काढले, पाठ वाचली आणि कपाळावर हात मारला. "दिसायला सारखे म्हणून एकाचा चष्मा दुसऱ्याला लावाल का?" असे म्हणत त्याने माझ्या नंबरची सिस्टिम टाकली आणि कॅमेऱ्याचे चित्र पुन्हा सरळ केले.

तेव्हा काकू जन्मात पहिल्यांदा जावयाला म्हणाल्या, "जावईबापू, यापुढे माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

मित्रांनो, आम्हाला नवे जरूर करा. पण आधी आमची पाठ वाचा, जुनी सिस्टिम जपून ठेवा आणि कॅमेरा तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. माझा नंबर आता काकूंनी कागदावर लिहून माझ्या शेजारी डकवला आहे. काल जावई पुन्हा आले होते. व्हॅनमध्ये ते मुकाट्याने मागच्या सीटवर बसले.